कुत्र्याच्या भांड्यात कोंबडीऐवजी काय?

कुत्रा पाळणाऱ्या घरांची त्याच्या जेवणावरून गेल्या काही वर्षांत दोनदा चांगलीच धांदल उडाली. पहिल्यांदा फेब्रुवारी २००६ मध्ये. नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला कोंबड्यांमध्ये बर्ड फ्लू आढळला आणि राज्यभर लोकांनी चिकनकडे पाठ फिरवली. माणसांनी महिनाभर वरणभात खाऊन वेळ काढली, पण दारातल्या अल्सेशियनला वरणभात कसा पटावा? दुसऱ्यांदा मार्च २०१५ मध्ये. १९७६ च्या कायद्याने राज्यात गायींच्या कत्तलीला बंदी होतीच. आता वळू आणि बैलही त्यात आले. कॅम्प, कोंढवा भागातून कुत्र्यासाठी म्हणून स्वस्तातले मांस आणणाऱ्या घरांना दुसरे काही शोधणे भाग पडले. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातल्या वाघ-सिंहांनासुद्धा त्या दिवसांत कोंबडीवर दिवस काढावे लागले होते, मग घरगुती कुत्र्याची काय कथा!

तेव्हापासून बहुतेक घरांनी कोंबडी धरली ती धरलीच. कोपऱ्यावरच्या दुकानातून माना, पाय आणि पाठीचे तुकडे आणायचे, भातात शिजवायचे आणि द्यायचे. सोपे आहे, स्वस्त आहे आणि कुत्रेही आवडीने खाते. मग बदल करायचा कशासाठी? कारणे निरनिराळी असतात. एखाद्या कुत्र्याला कोंबडी सोसत नाही, एखादे ती खाऊन खाऊन कंटाळते, कुठे साथीची बातमी येते, तर कुठे घरात मांस शिजवायचेच नसते. ह्या सर्वांना पुण्याच्या बाजारात पर्याय आहेत. मात्र प्रत्येक पर्यायाची एक खोड आहे आणि ती माहीत नसेल तर कुत्र्याचेच नव्हे, घरातल्या माणसांचेही नुकसान होऊ शकते.

खाज सुटली म्हणजे कोंबडीच दोषी?

कुत्रे सारखे पंजे चाटते, कान खाजवते, पोटाखालची कातडी लाल होते. शेजारी सांगतात, "चिकन बंद करा." हा सल्ला कधी बरोबर असतो, पण पुष्कळदा नसतो. पुण्याच्या पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या दमट दिवसांत कुत्र्याला खाज सुटण्याची पहिली कारणे म्हणजे पिसवा, गोचीड, बुरशी आणि खरूज. ती तपासल्याशिवाय जेवणावर खापर फोडू नये.

कुत्र्यांमधील अन्नाच्या ॲलर्जीबद्दल प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांचा एक आढावा २०१६ मध्ये घेण्यात आला. त्यात सर्वाधिक कुत्र्यांना, सुमारे ३४ टक्क्यांना, गोमांसाची ॲलर्जी आढळली होती. त्याखालोखाल दूध व दुधाचे पदार्थ १७ टक्के, कोंबडी १५ टक्के आणि गहू १३ टक्के. आपल्याकडच्या घरांनी ह्यातल्या दुसऱ्या आणि चौथ्या आकड्याकडे जरा नीट पाहावे. कोंबडी बंद करून दूध-पोळी सुरू केली तर खाज थांबेलच असे नाही; आगीतून फुफाट्यात पडल्यासारखेही होईल.

खरोखर अन्नाचा संशय असेल तर त्याची एकच खात्रीची परीक्षा आहे. कुत्र्याने आजवर कधीही न खाल्लेले एक मांस आणि एक धान्य किंवा कंद निवडायचा आणि आठ आठवडे त्याशिवाय काही द्यायचे नाही. बिस्किटाचा तुकडा नाही, आजोबांच्या ताटातला पोळीचा घास नाही, चवीचे औषधसुद्धा नाही. खाज कमी झाली की जुने अन्न पुन्हा देऊन पाहायचे आणि खाज परत येते का ते बघायचे. पाहुण्यारावळ्यांच्या घरात हे आठ आठवडे सांभाळणे महाकठीण, हे मान्य. पण अर्धवट केलेल्या परीक्षेतून काहीच कळत नाही.

म्हशीचे मांस

राज्यातल्या बंदीत म्हैसवर्गीय जनावरे येत नाहीत. त्यांच्यासाठी कायद्यात प्रमाणपत्राची वेगळी तरतूद आहे. त्यामुळे परवानाधारक दुकानात म्हशीचे किंवा रेड्याचे मांस मिळते. कुत्र्याच्या आहाराच्या दृष्टीने ते उत्तम आहे. चरबी कमी, प्रथिने भरपूर, लोह आणि जस्त कोंबडीपेक्षा जास्त. मांस चिवट असते, म्हणून खिमा करून आणावा किंवा कुकरमध्ये जास्त वेळ ठेवावे.

त्याची खोड अशी की म्हैस आणि गाय ही जवळची भावंडे. ज्या कुत्र्याला गोमांसाची किंवा दुधाची ॲलर्जी आहे त्याला म्हशीचे मांस 'नवीन' ठरत नाही, शरीर दोन्हींना सारखेच ओळखते. कोंबडीला पर्याय म्हणून मात्र ते खुशाल द्यावे.

वजडी, कलेजी, फुप्फुस आणि एक जुना शत्रू

बोकडाचे चांगले मटण कुत्र्याला रोज घालणे फार थोड्या घरांना परवडेल. पण बोकडाची वजडी, फुप्फुस, तिल्ली, कलेजी, मुंडी ह्या गोष्टी खाटकाकडे मटणापेक्षा बऱ्याच कमी भावात मिळतात, आणि कुत्र्याला त्या मटणाहून प्रिय असतात. वजडी स्वच्छ धुऊन शिजवली तर पचायला हलकी. फुप्फुसात चरबी नगण्य, त्यामुळे जाड्या कुत्र्यांना बरे. कलेजी म्हणजे तर जीवनसत्त्वांचे भांडार, मात्र 'अ' जीवनसत्त्व तिच्यात इतके असते की रोज वाटीभर दिल्यास ते शरीरात साठून हाडे दुखू लागतात. एकूण जेवणाच्या विसाव्या हिश्श्यापेक्षा जास्त कलेजी नको.

आता शत्रूविषयी. बोकड, मेंढी, म्हैस ह्यांच्या फुप्फुसांत किंवा यकृतात कधीकधी पाण्याने भरलेल्या पांढरट गाठी दिसतात. खाटीक तेवढा भाग कापून बाजूला टाकतो आणि बाजूला बसलेले कुत्रे तो उचलते. ह्या गाठींत एका फीतकृमीची पिल्ले असतात. कुत्र्याच्या आतड्यात त्यांचे कृमी होतात. लांबी फक्त काही मिलिमीटर, डोळ्यांना सहसा दिसत नाहीत. कुत्र्याला काहीही त्रास होत नाही. साधारण सहा आठवड्यांनी त्याच्या विष्ठेतून कृमींची अंडी बाहेर पडू लागतात. ती अंगणात, मातीत, कुत्र्याच्या केसांवर, तोंडावर राहतात आणि हातांवाटे किंवा न धुतलेल्या भाजीवाटे माणसाच्या पोटात जातात. माणसाच्या यकृतात किंवा फुप्फुसात तशीच गाठ तयार होते. तिला वैद्यकशास्त्रात हायडॅटिड म्हणतात.

ही गाठ अतिशय सावकाश वाढते. लहानपणी कुत्र्याबरोबर खेळताना शिरलेल्या कृमीचा पत्ता मूल मोठे होऊन नोकरीला लागल्यावर सोनोग्राफीत लागतो, असे घडते. औषधांनी काही गाठी आटोक्यात येतात, काहींना शस्त्रक्रिया लागते. गाठ आतल्या आत फुटली तर जिवावर बेतते. येथे एक गैरसमज दूर करायला हवा. माणसाला हा रोग मटण खाऊन होत नाही. तो होतो कुत्र्यामार्फत, आणि कुत्र्याला होतो कच्चे अवयव खाल्ल्याने. म्हणजे ही साखळी तोडणे पूर्णपणे कुत्रा पाळणाऱ्याच्या हाती आहे.

त्यासाठी दोनच गोष्टी लागतात. फुप्फुस, कलेजी, तिल्ली, वजडी यांतले काहीही कच्चे देऊ नये. छोटे तुकडे करून उकळत्या पाण्यात अर्धा तास शिजवले की गाठीतील पिल्ले मरतात. दुसरी गोष्ट जंताच्या औषधाची. मोठ्या कुत्र्याला साधारण दर तीन महिन्यांनी जंताचे औषध देण्याची पद्धत आहे; त्यात प्राझिक्वांटेल हे औषध आहे ना, हे पशुवैद्यकांना विचारून घ्यावे, कारण सगळ्याच जंतांच्या गोळ्या फीतकृमींवर चालत नाहीत. जे कुत्रे मोकळे हिंडते, खाटकाच्या दुकानाभोवती रेंगाळते, त्याला हे औषध दर सहा आठवड्यांनी देण्याची शिफारस आहे.

अलीकडे 'कच्चा आहारच कुत्र्याचा नैसर्गिक आहार' असे सांगणारी मंडळी पुण्यातही भेटतात. लांडगा कच्चे खातो हे खरे. पण लांडगा दिवाणखान्यातल्या गालिच्यावर लोळत नाही आणि नातवंडांचे तोंडही चाटत नाही. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात असे दिसले, की कुत्र्याच्या शरीरात पिष्टमय पदार्थ पचवणाऱ्या एका जनुकाच्या प्रती लांडग्यापेक्षा कितीतरी अधिक असतात. माणसाच्या चुलीजवळ हजारो वर्षे बसून तो शिजलेले अन्न पचवायला शिकला आहे. आपल्याकडे मेंढपाळांची कुत्री भाकरी-ताकावर राखण करीत आली ती उगीच नव्हे.

मासळी

गणेश पेठेतल्या मासळी बाजारात समुद्राची आणि गोड्या पाण्याची, दोन्ही मासळी येते. उजनी धरणाची चिलापी भिगवणहून पुण्यात येते. ती वाफवून काटे काढून दिली तर कोंबडीला चांगला पर्याय होतो. काटे काढण्याचे काम किचकट आहे, ते नोकरांवर किंवा मुलांवर सोपवू नये. बांगडा, तारली अशा तेलकट मासळीतून 'ड' जीवनसत्त्व मिळते. कुत्रा दिवसभर गच्चीत उन्हात पडून राहिला तरी माणसासारखे 'ड' जीवनसत्त्व त्याच्या कातडीत पुरेसे तयार होत नाही, ते पोटातूनच जावे लागते. आठवड्यातून दोनदा अशी मासळी दिली तर ती उणीव बऱ्याच अंशी भरून निघते. काही जातींच्या कच्च्या मासळीत 'ब-१' जीवनसत्त्व नष्ट करणारा घटक असतो, म्हणून मासळीही शिजवूनच द्यावी. सुके बोंबील, खारवलेली सुरमई वगैरे मिठामुळे टाळावी.

कोंबडीची ॲलर्जी नक्की झालेल्या कुत्र्यांपैकी काहींना मासळीही सोसत नाही असे दिसून आले आहे. तेव्हा मासळी सुरू केल्यावर पहिले काही आठवडे कातडीकडे लक्ष ठेवावे.

ज्या घरी मांस शिजत नाही

पेठांतल्या आणि कोथरूडच्या कितीतरी घरांत कुत्र्याचे पातेले वेगळे, शेगडी वेगळी आणि जागा मागच्या गॅलरीत अशी व्यवस्था असते. काही घरी तेवढीही मुभा नसते. अशा घरांनी दूध-पोळीवर थांबू नये. मोठ्या कुत्र्यांपैकी पुष्कळांना दुधातली साखर नीट पचत नाही, त्याने पोट बिघडते. आणि पोळीत प्रथिने थोडी. अंडी चालत असतील तर प्रश्न बराचसा सुटतो. उकडलेले अंडे, पनीर, दही आणि भिजवून शिजवलेल्या सोयाबीनच्या वड्या ह्यांच्यावर कुत्रा राहू शकतो. सोयाच्या वड्यांत निम्म्याच्या आसपास प्रथिने असतात. सुरुवातीला त्यांनी वायू होतो, म्हणून हळूहळू वाढवाव्यात. अंडे मात्र शिजलेलेच द्यावे, कच्च्या पांढऱ्या बलकाने बायोटिन हे जीवनसत्त्व शोषले जात नाही. पूर्ण शाकाहारी आहारावर असलेल्या कुत्र्याच्या हृदयाची आणि रक्ताची तपासणी अधूनमधून करून घ्यावी. हे सर्व फक्त कुत्र्यांपुरते आहे. मांजराला मांसाशिवाय ठेवता येत नाही.

परदेशात ह्याच अडचणीवर आणखी निराळे तोडगे काढले जात आहेत. युरोपात किड्यांच्या अळ्यांपासून केलेले कुत्र्याचे खाणे विकले जाते, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये लंडनच्या ब्रेंटफर्ड भागातील एका दुकानात कोंबडी न मारता, तिच्या पेशी वाढवून तयार केलेल्या मांसाचा खाऊ प्रथमच विक्रीला आला. आपल्या गॅलरीपर्यंत तो येईल तेव्हा येईल.

नुसते मांस म्हणजे अपुरे जेवण

मांस बदलताना हौशी मालक हमखास एक गोष्ट विसरतो, ती म्हणजे कॅल्शियम. मांस कोणतेही घ्या, त्यात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम जवळजवळ नाही. नुसत्या मांस-भातावर वाढणाऱ्या पिल्लाचे शरीर ही तूट स्वतःच्या हाडांतून भरून काढते. मग पाय वाकतात, पिल्लू लंगडते, सोफ्यावरून उडी मारली तरी हाड मोडते. मालक म्हणतो, "रोज पाव किलो मटण घालतो, तरी असे कसे?" नेमके म्हणूनच.

घरचा सोपा उपाय अंड्याच्या कवचाचा आहे. कवचे धुऊन दहा मिनिटे उकळावीत, कडकडीत वाळवून मिक्सरमध्ये पिठासारखी बारीक करावीत. कण राहता कामा नये. एका कवचात सुमारे २ ग्रॅम कॅल्शियम असते. मोठ्या कुत्र्याला दर १००० उष्मांकांच्या जेवणामागे १ ते सव्वा ग्रॅम कॅल्शियम लागते, म्हणजे ह्या पुडीचा साधारण अर्धा चमचा. लॅब्रॅडॉर, अल्सेशियन, ग्रेट डेन यांच्या पिल्लांना मात्र अंदाजाने कॅल्शियम देऊ नये. कमी पडले तर वाईट, जास्त झाले तर त्यानेही हाडे बिघडतात. पिल्लांचे, गाभण कुत्रीचे आणि मूत्रपिंडाचा आजार असलेल्या म्हाताऱ्या कुत्र्याचे जेवण पशुवैद्यकांच्या सल्ल्यानेच ठरवावे.

वीस किलो वजनाच्या, तब्येतीने ठीक असलेल्या मोठ्या कुत्र्यासाठी दिवसभराचे प्रमाण असे: म्हशीचा खिमा २५० ग्रॅम, कलेजी २५ ग्रॅम, तांदूळ १२५ ग्रॅम (न शिजवलेले), लाल भोपळा किंवा गाजर १०० ग्रॅम, एक अंडे, शेंगदाण्याचे किंवा करडईचे तेल एक मोठा चमचा आणि कवचाची पूड अर्धा चमचा. कलेजी आधी वेगळी अर्धा तास उकळून घ्यावी. खिमा, तांदूळ आणि भाजी दुप्पट-तिप्पट पाणी घालून कुकरमध्ये चार शिट्ट्यांपर्यंत शिजवावी. अंडे उकडून कुस्करावे. तेल आणि कवचाची पूड कोमट झाल्यावर कालवावी. मीठ अगदी चिमूटभर, आयोडीनचे. हे साधारण ९५० ते १००० उष्मांक होतात, ते सकाळ-संध्याकाळ विभागून द्यावे. खिम्याच्या जागी बोकडाची वजडी किंवा काटे काढलेली चिलापी तेवढ्याच वजनाची घेता येते. दहा किलोच्या कुत्र्याला ह्याच्या निम्मे नव्हे, सुमारे साठ टक्के लागते, कारण लहान कुत्र्याला वजनाच्या मानाने खाणे अधिक. दिवसभर फ्लॅटमध्ये झोपा काढणाऱ्या आणि नसबंदी झालेल्या कुत्र्याला मात्र सगळेच थोडे कमी करावे.

एवढे करूनही हे जेवण सर्वांगाने पूर्ण नाही. अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील पशुवैद्यक विद्यालयाने २०१३ मध्ये कुत्र्याच्या घरगुती जेवणाच्या २०० पाककृती तपासल्या. त्यांपैकी ९५ टक्के पाककृतींत एक तरी आवश्यक घटक कमी पडत होता, आणि त्यांतल्या काही पाककृती पुस्तकांत छापलेल्या होत्या! घरच्या जेवणात सहसा आयोडीन, जस्त, तांबे, 'ड' आणि 'ई' जीवनसत्त्व कमी पडते. कुत्र्यांसाठी मिळणारी जीवनसत्त्व-खनिजांची पूड पशुवैद्यकांनी सांगितलेल्या प्रमाणात रोज घालावी. त्या पुडीत कॅल्शियम असेल तर कवचाची पूड त्या मानाने कमी करावी.

हे भांड्यात पडू नये

कांदा आणि लसूण कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशी फोडतात. शिजवल्याने त्यांचा विषारीपणा जात नाही. म्हणून घरच्या मटणाचा उरलेला रस्सा भातावर ओतून देण्याची सवय सोडावी. त्यात कांदा, लसूण, तिखट आणि तेल असे सगळेच आहे. द्राक्षे आणि बेदाण्यांनी मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. प्रसादाच्या शिऱ्यातले बेदाणे आठवावेत. चॉकलेट, तसेच साखरविरहित गोळ्यांत असणारे झायलिटॉलही वर्ज्य. शिजलेली हाडे चिरफळून टोकदार होतात, घशात आणि आतड्यात रुततात. कोंबडीच्या माना कुकरमध्ये घालायच्याच असतील तर हाड दोन बोटांत दाबून पिठासारखे चुरगळेपर्यंत शिजवाव्यात, नाही तर काढून टाकाव्यात. हळद चिमूटभर चालते.

नवे मांस एकदम सुरू करू नये. आठवडाभरात जुने पाव-पाव भागाने कमी करीत नवे वाढवावे, नाही तर जुलाब ठरलेले. केलेले जेवण लवकर गार करून फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस टिकते. वळवाच्या पावसात वीज गेली आणि तासन् तास आली नाही, तर ते टाकून दिलेले बरे. कच्चे मांस हाताळलेली पाटी, सुरी आणि हात साबणाने धुवावेत, आणि कुत्र्याची विष्ठा उचलल्यावरही धुवावेत.

नवे जेवण मानवते की नाही हे कुत्र्याच्या शेपटीवरून ठरवू नये, ती कशालाही हलते. शी बांधून होते का, केसांना चकाकी आहे का, बरगड्या दिसत नाहीत पण हात फिरवल्यावर बोटांना लागतात का, हे पाहावे. दर पंधरा दिवसांनी वजन करून वहीत लिहावे. त्यासाठी घरचा वजनकाटा चालतो: आधी कुत्र्याला उचलून काट्यावर उभे राहायचे, मग एकट्याने, आणि वजाबाकी करायची. तीस किलोचा लॅब्रॅडॉर असेल तर मात्र त्याला दवाखान्याच्या काट्यावर न्यावे.